पैलवानाच्या पोटातला गोटा

वडीगोद्रीला हायवेवर सोमेश्वरचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. येणारे-जाणारे ड्रायव्हर त्याचं पाटीवरचं नाव कधीच घेत नाहीत. “मासेवाल्या वहिनीकडं थांबतो,” असं म्हणतात. ही मासेवाली वहिनी म्हणजे सोमेश्वरची बायको, तृप्ती. केदारखेड्याची लेक. लग्न होऊन आली तेव्हा तिची जागा भट्टीमागे, पडद्याआड होती. भजी तळायची, ताटं भरायची आणि पुढे यायचं नाही. तिला पडद्याबाहेर आणलं ते एका माशानं.

सोमेश्वरनं जालन्याच्या कलीमच्या दुकानातून रेडटेल कॅटफिशचं पिल्लू आणलं होतं. तळहातावर मावेल एवढं, काळी पाठ, पांढरं पोट, शेपूट कुंकवासारखी लाल. ते खात सुटलं आणि वाढत सुटलं. शेवटी दाराशी भिंतभर काचेची टाकी आली, आणि गिऱ्हाइकांनी माशाचं नाव पाडलं पैलवान. त्याचा जबडा बघून सोमेश्वर चारायला कचरू लागला. तृप्ती कचरली नाही. ती चिमट्यात कोळंबी धरी, पैलवान आ करी आणि पाण्यासकट सगळं आत ओढून घेई. ते बघता बघता लोकांचे चहा थंड होत.

नवरा-बायकोचं वाजायचं ते टाकीच्या तळावरून. सोमेश्वरनं तळाला गुळगुळीत गोटे अंथरले होते, नदीसारखे.

“माणसं फोटो काढून राह्यली,” तो म्हणे. “उघडी काच कशी दिसंल?”

“गोट्याच्या फटीत उष्टं कुजतंय. अन् हा गिळताना काय बघत न्हाई.”

शब्दाला शब्द वाढायचा, आणि गोटे तिथंच राहायचे.

एका सकाळी पैलवानानं कोळंबीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात तळाशी पडून तो पुन्हा पुन्हा तोंड वासत होता, ओकारी यावी तसा. पोटाची एक बाजू टणक फुगली होती. तृप्तीच्या लगेच ध्यानात आलं. आदल्या संध्याकाळी एक तुकडा चिमट्यातून निसटून तळाला गेला होता, आणि पैलवानानं तिथं झडप घातली होती. सोमेश्वर बाजाराला अंबडला गेलेला, फोन उचलेना. तिनं कलीमला लावला.

“गोटा गेला आत, भाभी,” सगळं ऐकून कलीम म्हणाला.

“आपोआप निघंल का?”

“कधी ओकून टाकतात. रात्रभरात न्हाई टाकला, म्हंजे अडकला. हात लावू नका. मी येऊन राह्यलो.”

कलीम आला तो लवंगेच्या तेलाची बाटली आणि हवेचा पंप घेऊनच. मोठ्या टबात टाकीचंच पाणी घेतलं, तेल पाण्यात घुसळून टाकलं. माशाला गुंगी देण्याची ही रीत. ओल्या गोणपाटात गुंडाळून पैलवानाला टबात सोडलं. तो हळूहळू कलंडला आणि पोट वर करून पडला. कलीमनं बाही सारली, पण त्याचा रुंद पंजा जबड्यातच अडकला.

“न्हाई जात. भाभी, तुमचा हात बारीक आहे.”

तृप्तीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या निघत नव्हत्या, आणि एक जरी आत फुटली तरी मासा गेलाच. बांगड्या फोडायला तिनं वरवंटा मागितला.

“थांब!” दारातून सासू, सोनूबाई, ओरडली. गळ्यात माळ असलेली बाई. हॉटेलात कोळंबी येते म्हणून वर्षभर टाकीकडे पाठ करून बसलेली. “वाढवू नको बांगड्या. भरल्या घरात असं न्हाई करायचं.”

“आत्या, येळ न्हाई हो!”

सोनूबाई साबण घेऊन आली. सुनेचा पंजा आवळून, कळ येईस्तोवर दाबून, एकेक बांगडी सरकवत तिनं सगळ्या उतरवल्या.

“जल्दी करा,” कलीम म्हणाला. त्याची नजर माशाच्या कल्ल्यांवरून हलत नव्हती. “मी म्हणलं की हात बाहेर.”

तृप्तीनं हात घातला. जबडा आतून खरखरीत, पॉलिश पेपरसारखा. पुढे घसा आवळलेला. बोटं रेटली तशी मनगटाची सालटं निघाली. आणखी आत गेल्यावर बोटांच्या शेंड्यांना काहीतरी गार, गुळगुळीत लागलं आणि निसटलं.

“बाहेर! कल्ले थांबले!”

तिनं हात ओढला. कलीमनं माशाच्या तोंडात ताजं पाणी सोडलं, सोडतच राहिला. कल्ला एकदा हलला. मग आणखी एकदा.

“परत?” तृप्तीनं विचारलं.

“एकदाच. त्याच्यापुढं त्याला सोसणार न्हाई.”

तृप्ती सासूकडे वळली. “आत्या, खालून दाबा. गोटा माझ्याकडं ढकला.”

सोनूबाईनं गळ्यातली माळ मागे सारली. मग पदर खोचून खाली बसली आणि दोन्ही तळवे पैलवानाच्या पांढऱ्या पोटावर टेकवले. “हितं?”

“हितंच. जोर लावा.”

या वेळी दोन बोटं गोट्याच्या मागे गेली. तृप्तीनं श्वास रोखून हात मागे घेतला. लिंबाएवढा गोटा टबात पडला, पाठोपाठ दुसरा, जरा लहान.

पण पैलवान उठेना. कलीमनं त्याला दुसऱ्या टबात, तेल नसलेल्या पाण्यात घेतलं आणि तोंड धरून पुढे ढकलत राहिला, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहावं. तेवढ्यात सोमेश्वर आला. टबात उताणा मासा, बायकोच्या हाताला रक्त, आई ओल्या लुगड्यानिशी जमिनीवर.

“मेला का?”

पंपाचे बुडबुडे तेवढे वाजत होते. कलीमचे ओठ हलत होते, दुवा मागत असावा. बऱ्याच वेळानं लाल शेपटीनं एक फटका मारला आणि सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडालं.

सोमेश्वरनं टाकीतले सगळे गोटे उपसून बाहेर टाकले.

एवढ्यावर मिटलं असतं, पण उघड्या तळानं नवाच घोर लावला. टाकीखाली पांढरं थर्माकोल होतं. दिव्याचा उजेड त्यावरून उलटा वर येई आणि पैलवान बिथरून काचेवर नाक आपटी. दुसऱ्या दिवशी नाकाडावर जखम दिसली.

“बघ,” सोमेश्वर म्हणाला. “त्याला तळ लागतोच. डोक्याएवढे दगड टाकू, ते तर गिळणार न्हाई.”

“शेपटीनं ढकलला तर काच फुटंल. समदं पाणी हॉटेलात.”

कलीमला फोन लावला. “बारीक रेती गिळली तरी निघून जाते, कितीक लोक ठेवतात,” तो म्हणाला. “पण एवढ्या माशाची घाण रेतीवर साचते. रोज उपसावी लागंल, पाणी गाळायच्या मोटरीत गेली तर मोटर बसंल. बिलकुल उघडा तळ साफ करायला सोपा, पण मासा घाबरतो. माझ्याकडं एकच एक जवाब न्हाई. जे साफ करणार, त्यांनी ठरवावं.”

सोमेश्वरनं फोन ठेवला आणि पहिल्यांदाच बायकोला विचारलं, “मंग, काय करायचं?”

तृप्ती त्याला मोरीमागे घेऊन गेली. भट्टीच्या ओट्यातून उरलेले काळ्या ग्रॅनाइटचे तुकडे तिथं टेकवलेले होते. “हे बसवू. चकचकीत बाजू खाली, खरखरीत वर. फट राहिली न्हाई की उष्टं अडकत न्हाई, अन् उजेडही उलटत न्हाई.”

टाकी रिकामी करून तुकडे मापात कापले, सांधे सिलिकॉननं भरले. ते वाळेपर्यंत पैलवान पाण्याच्या प्लास्टिक टाकीत, वर जाळी बांधून. परत सोडला तेव्हा तो काळ्या तळावर शांत टेकला, नाक आपटायचा थांबला. पण खाईना. तृप्ती रोज सकाळी चिमटा धरून उभी राही, हात भरून येईपर्यंत, आणि कोळंबी तशीच परत काढी. सोमेश्वर लांबून बघे.

मग एका सकाळी एक ओळखीचा ड्रायव्हर चहा घेता घेता म्हणाला, “शेठ, टाकी रिकामी रिकामी वाटती. गोटे कुठं गेले?”

“ताटात खडे ठेवत्यात का कुणी?” सोमेश्वर म्हणाला.

तेवढ्यात पाण्याचा गपकन आवाज आला. तृप्तीच्या हातातला चिमटा रिकामा होता. तिनं घाईघाईनं दुसरी कोळंबी चिमट्यात धरली.

पडद्यामागून सोनूबाईचा आवाज आला. “खाल्लं का गं त्यानं?”