तव्यावाली थेल्मा

क्लेम हॅनिगनला कविमंडळात धाडलं ते त्याच्या बायकोनंच. वॉराबिन गावच्या रेल्वेवर चाळीस वर्षं रूळ दुरुस्त करून तो निवृत्त झाला आणि दिवसभर तिच्या पायात पायात येऊ लागला. तेव्हा थेल्मानं वाचनालयातली सूचना वाचून त्याला सांगितलं, “दर मंगळवारी तिथं कवी जमतात म्हणे. जा की. तुझ्या त्या वह्या कुणीतरी ऐकेल.”

पहिले दोन मंगळवार क्लेमनं दुष्काळावर आणि बंद पडलेल्या रेल्वेफाट्यावर वाचलं. लोकांनी बिस्किटं खाल्ली. तिसऱ्या मंगळवारी तो चिडून संडासात निघालेल्या सापाची कविता घेऊन गेला. तीत तवा उगारून सापाऐवजी नवऱ्यालाच बडवणारी अगडबंब थेल्मा होती. खोली दणाणली. मंडळाची अध्यक्ष बेरिल डकेट डोळे पुसत म्हणाली, “मेल्या, इतकी वर्षं कुठं लपला होतास?” क्लेमला असं आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तो तिथंच विरघळला.

मग काय, थेल्माच थेल्मा. थेल्मा आणि मेंढा, थेल्मा आणि पाद्री, थेल्माचे बूट, ज्यांत म्हणे कांगारू बिऱ्हाड करून राहिला होता. दर ऑक्टोबरात जत्रेच्या मैदानावर कवींची न्याहारी व्हायची. लोक बेकन-अंडी खात बसायचे आणि कवी एकेक करून व्यासपीठावर चढून स्वतःची कविता तोंडपाठ म्हणायचे. क्लेम तिथला राजा झाला. हसवण्याचं त्याचं तंत्र साधं होतं: चेहरा दगडाचा ठेवायचा, आणि हशा आला की तो ओसरेपर्यंत थांबायचं. ते त्याच्या अंगात इतकं मुरलं की घरी बोलतानाही तो मध्येच थांबायचा.

खरी थेल्मा काडीसारखी होती. शाळेच्या कँटीनमध्ये सँडविच करायची. पोरं तिला विचारायची, “तवा आणला का आज?” तिसऱ्या वर्षापासून ती न्याहारीला येईनाशी झाली. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणाली. क्लेमनं ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं.

अकराव्या वर्षी, मार्चमध्ये तिचं हृदय थकलं. इस्पितळात रक्त काढायला आलेली नर्स कागदावरचं नाव वाचून खुदकन हसली. “अय्या, त्या तव्यावाल्या थेल्मा तुम्हीच का!” थेल्माही हसली. नर्स गेल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “क्लेम, एकदा तरी मला तव्याशिवाय लिही.”

“लिहितो की.”

“नुसतं लिहू नकोस. त्या मैदानावर म्हण. त्यांनी ऐकलं पाहिजे.”

नवव्या दिवशी ती गेली. तिला काय काय सोसावं लागलं ते क्लेमला तेव्हा कळलं, आणि ते सगळं त्यानं स्वतःच यमकं जुळवून तिच्यावर आणलं होतं.

सात महिने त्यानं एकच कविता लिहिली. मंडळात ती वाचली नाही. बेरिलनं तीत विनोद घालायला लावला असता. ऑक्टोबरात तो इस्त्रीचा शर्ट घालून मैदानावर गेला. बेरिलनं माईक हातात घेतला. “आता आपला क्लेम! हसताना घास अडकला तर मंडळ जबाबदार नाही हं!”

क्लेमनं पहिली ओळ म्हटली: शेवटच्या सकाळी थेल्मा म्हणाली, क्लेम, माझे बूट दे, घरी जाऊ.

बूट म्हटल्याबरोबर मैदान हशानं फुटलं. पुढची ओळ होती की पाय इतके सुजलेले, बुटांत जाईनात. त्यावर एक जण खुर्चीवरून पडता पडता वाचला. थेल्मा गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिचारा दुःख गिळून पुन्हा हसवतोय, म्हणून ते आणखी जोरात हसत होते, अगदी प्रेमानं.

हात वर करून ‘थांबा, हे खरं आहे’ एवढं त्यानं म्हणायला हवं होतं. पण तो थांबला, दगडाचा चेहरा करून. हशा ओसरू दिला आणि पुढची ओळ नेमक्या जागी टाकली. चौथ्या ओळीला त्याला स्वतःलाच ती विनोदी वाटली. मागून कुणीतरी ओरडलं, “तवा काढ रे, क्लेम!” आणि सात महिन्यांची कविता तिथंच टाकून क्लेमनं संडासातला साप काढला.

बक्षीस त्यालाच मिळालं. बेरिल कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन वर आली. “थेल्मा असती तर पोट धरधरून हसली असती. म्हणून मंडळानं ठरवलंय, यंदापासून दरवर्षी सगळ्यात विनोदी कवितेला तिच्या नावाचं बक्षीस द्यायचं.”

तिनं कापड काढलं. आत चकचकीत तवा होता. त्यावर थेल्मा हॅनिगन असं कोरलेलं होतं, खाली पुढच्या वर्षांच्या नावांसाठी जागा सोडलेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, काही जण रडतही होते.

क्लेमनं तवा दोन्ही हातांनी घेतला. सवयीनं तो स्वतःच्या डोक्याजवळ उगारून धरला, आणि हशा ओसरेपर्यंत थांबला.