दसऱ्याच्या पाटावरची गोळी

घाबरलेली चार माणसं एका गल्लीत राहिली की किस्से आपोआप साठतात. आमच्या इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या गल्लीत तर ढीग आहे. तेव्हा सोन्यासाठी आपल्या लोकांची घरं फुटायची.

पहिली चोरी माझ्या मित्राकडे, शिरीषकडे झाली. तीही भरदुपारी. मग त्याची बायको वैशाली आंघोळीलासुद्धा लाटणं घेऊन जायला लागली. एकदा मी न सांगता मागच्या दाराने गेलो, तर तेच लाटणं माझ्या कानाजवळून गेलं. "बेल वाजव ना रे!" म्हणाली आणि रडायलाच लागली.

*

चौकशीला आलेल्या पोलीसबाईंना शिरीषने विचारलं, "पेपर स्प्रे ठेवला तर चालेल का?"

"इथे तेही शस्त्रच. ठेवलात तर आधी तुम्हालाच पकडावं लागेल," बाई शांतपणे म्हणाल्या.

झालं. गड्याचा इथे कायम राहण्याचा अर्ज होम ऑफिसात, म्हणजे इथल्या गृहखात्यात पडलेला; एक गुन्हा नोंदला गेला की तो रद्द. तेव्हापासून बेल वाजली की तो भाजीची सुरीसुद्धा ड्रॉवरमध्ये टाकायचा.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिरीषचा मोठा भाऊ टेक्सासहून आला. दादा म्हणजे उशाशी रिव्हॉल्व्हर ठेवून झोपणारा माणूस. जेवताना आम्हाला शिकवायला लागले, "सेल्फ डिफेन्सला हॉलो पॉइंट गोळीच हवी. टोकाला खळगा असतो. अंगात शिरली की फुलते, आरपार जात नाही. मागच्या माणसाला धोका नाही."

"आणि पुढच्याला?" वैशालीने विचारलं.

दादा हसले. बाकी कोणी हसलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रपूजा. पाटावर लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली. दादांनी जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला, "अरेच्चा, ही राहिलीच की, विमानतळावरही कुणाला दिसली नाही," म्हणाले आणि एक गोळी पाटावर ठेवली. शिरीषच्या आईंनी तिला हळदकुंकू वाहिलंसुद्धा.

शिरीषने आधी खिडक्यांचे पडदे ओढले. इथे अशी एक गोळी घरात सापडली तरी तुरुंग.

"कॅनॉलमध्ये टाकू," दादा म्हणाले.

"आणि कुणा पोराला सापडली तर?" वैशाली म्हणाली.

म्हणजे पोलिसांकडेच द्यायची. "पण तिथे दादाचं नाव घेतलं तर दादाला धरतील. नाही घेतलं तर मला. मग अर्ज संपला, सगळंच संपलं," शिरीष म्हणाला. दादांना घरीच ठेवायचं ठरलं.

आई मला म्हणाल्या, "गाडी काढ रे. मीपण येते." पोलिसांना आधी फोन करावा हे कोणालाच सुचलं नाही. मला गाडीचा गिअर पडेना, इतका मी घाबरलो होतो.

*

काउंटरवरच्या पोलिसाने गोळी गुंडाळलेला टिश्यू उलगडला आणि एकदम मागे सरकला. "हे लाल काय आहे?"

"पूजेचं आहे," शिरीष कसाबसा म्हणाला.

"आणि गोळी कोणाची?"

शिरीषने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

ज्यांना इंग्रजीत दूधसुद्धा मागता येत नव्हतं, त्या आईंनी पदर सारखा केला, आम्हा दोघांना बाजूला सारलं आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "माइन."