कणकेतलं तेल

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. माझ्या आईला नाही, मुलींना नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा नाही — तिथेही दुसरंच काहीतरी पुटपुटते आणि निरांजन ओवाळून मोकळी होते. आता गुडघे गेलेत, ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही, दुपारी जरा आडवी पडले की हेच डोक्यात येतं. कंटाळा आलाय हो. लपवायचासुद्धा कंटाळा येतो माणसाला, खरं सांगते.

तसं बघाल तर काय? स्वयंपाकघरातली गोष्ट. ऐकून म्हणाल, इश्श, एवढंच होय! म्हणा. पण आधी ऐका.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. पनवेलला तळ्याच्या मागच्या बाजूला नवीन बिल्डिंग झाली होती, तिथे आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक. हे तळोज्याला कंपनीत, पाळ्या बदलत्या. मी ठाण्याला एका कचेरीत टायपिस्ट. सकाळी एसटी पकडायची ती दिवेलागणीला घरी. घरात सासूबाई, आमच्या दोन मुली — थोरली पहिलीत, धाकटी नुकती चालायला लागलेली — आणि कुंदा. कुंदा म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद. अठ्ठावीस पूर्ण झालेली, लग्न व्हायचं होतं. आमची वाटणी ठरलेली होती: स्वयंपाक दोन्ही वेळचा माझा, मुली तिच्या. शाळेत सोडणं, आणणं, भरवणं, न्हाऊमाखू, ताप आला तर डॉक्टर — सगळं कुंदा. धाकटी तर तिच्या मांडीवर थोपटल्याशिवाय झोपायचीच नाही. मी थोपटलं की रडायची.

कुंदा जाड होती. आता असं कुणी बोलत नाही, तेव्हा सगळे बोलायचे, आणि तिच्या तोंडावर. ती हसायची. चार-पाच स्थळं त्यापायी परत गेली होती. मग त्या मे महिन्यात पेणचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. त्याने कुंदाच्या हातचा चहा प्यायला आणि चक्क दुसरा कप मागितला. बघायला आलेला मुलगा कधी दुसरा कप मागतो का हो? कुंदा आत येऊन मला म्हणाली, "वहिनी, हसला की डोळे मिटतात गं त्याचे." बस्, तेवढ्यावर ती गेली कामातून.

आठवड्याने मध्यस्थ आले. मुलाला पसंत आहे, म्हणाले, पण त्याच्या आईचं म्हणणं पडलं, मुलगी अंगाने फार आहे. दिवाळी होऊ दे, तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा एकदा बघून जाऊ. तोवर जरा… आणि त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांजवळ आणून दाखवले. सासूबाईंनी त्यांना वर लाडू दिला.

दुसऱ्या दिवसापासून कुंदा धावायला लागली. ह्यांचे जुने पांढरे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेला, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च. उजाडता उजाडता तळ्याला फेऱ्या. तेव्हा पनवेलात पुरुषसुद्धा धावताना दिसायचे नाहीत, बाई तर दूरच. दुधवाले सायकल थांबवून बघायचे. बाजाराला निघालेल्या कोळणी टोपल्या सावरत ओरडायच्या, "आगो पोरी, कोन लागलाय तुजे पाठी?" आणि दुसरी म्हणायची, "आमी मावरा घेऊन रोज धावतो, आमचा पोट काय जात नाय!" कुंदा घरी येऊन आम्हाला नक्कल करून दाखवायची. घामाने निथळत, धापा टाकत, आणि हसत.

आणि कॅलरी. तो तक्ता मीच आणून दिला होता — मीच! कचेरीतल्या एका बाईंनी डॉक्टरकडून आणलेला, मी मशीनवर टाइप करून घेतला. चपातीला किती, वाटीभर वरणाला किती, भाजीला, ताकाला किती. कुंदाने तो दोन दिवसांत पाठ केला. एक पितळी वाटी तिने वेगळी ठेवली, सगळं त्या वाटीने मोजून घ्यायची. जेवताना ओठ हलायचे, बेरीज चाललेली. एक फेरी धावलं की किती जळतात, मग अर्धी चपाती जास्त चालेल का, की राहू दे? थोरली तिला विचारायची, "आत्तू, जप करतेस?"

उतरायला लागली हो ती! एसटी स्टँडवर रंगीत दिव्यांचं वजनाचं यंत्र होतं, नाणं टाकलं की छापील कार्ड पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. दर रविवारी आम्ही मुलींना घेऊन तिथे जायचो. आकडा खाली जायचा आणि कुंदा तिथेच, त्या गर्दीत, मला मिठी मारायची. गणपतीला आलेले पाहुणे तिला ओळखेनात. गालांखालून तिचा खरा चेहरा वर आला, छान होता. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघत म्हटलं, "बघ, शीक जरा तिच्याकडून." दुसऱ्या बाळंतपणानंतर मी काही चवळीची शेंग राहिले नव्हते. पण त्या बोलण्यावर ढकलणार नाही मी. ते कारण नव्हतं.

गौरी गेल्या, आणि सासूबाईंनी सोनाराला घरी बोलावून कुंदाच्या बांगड्यांचं माप द्यायचं काढलं. मार्गशीर्षात उरकून टाकू, म्हणाल्या. मी भांडी घासत होते. हात तसेच थांबले. मार्गशीर्षात? मग धाकटीला कोण बघणार? सासूबाईंना उठता-बसता येत नव्हतं. पाळणाघर तेव्हा आमच्या आसपास एकही नव्हतं. नोकरी सोडायची? ब्लॉकचे हप्ते? आणि नोकरी सोडून दिवसभर त्या दोन खोल्यांत सासूबाईंसमोर बसायचं? कुंदाचं लग्न व्हायला हवं हे मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते, अगदी मनापासून. ते खरंच होईल असं बहुतेक मला कधी वाटलंच नव्हतं.

कुणाशी तरी बोलायला हवं होतं मी. ह्यांच्याशी. कुंदाशीच बोलले असते तर तिनेच वाट काढली असती, तशीच होती ती. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावायला गेली आणि मी कणीक मळायला घेतली. तेलाची बरणी उचलली आणि कणकेत ओतली.

झालं. हेच ते.

एकदा नाही. रोज. चपातीला वरून तेलाचं बोट लावायचे नाही, कोरडीच भाजायचे, म्हणजे दिसायला फुलका. आत मोहन भरपूर. भाजीवर तवंग दिसला असता, म्हणून दाण्याचं कूट बारीक करून मिसळायचे. आमटीत नारळाचं दूध. ताक म्हणून सायीचं दही घुसळून पातळ केलेलं. ती बिचारी तिच्या पितळी वाटीने मोजून घ्यायची. वाटी बरोबर होती, बेरीज बरोबर होती. वाटीत काय आहे ते तिला कसं कळणार? माझ्यावर भरवसा होता तिचा. एकदा म्हणाली, "वहिनी, तेल नसून काय चव असते गं तुझ्या हाताला!" मी हसले. ह्यांची पँट पोटावर बसेना, तर दोष कंपनीतल्या कँटीनला.

कार्डावरचा आकडा थांबला. मग वर चढायला लागला. कुंदाला कळेना. ती संध्याकाळीही धावायला लागली. रात्रीचं जेवण सोडलं. एकदा तळ्याच्या कठड्याशी चक्कर येऊन बसली, एका रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं, गुडघा फुटलेला. मी हळद लावली. लावताना मनात आलं, आता थांबावं. सकाळी पुन्हा बरणी उचलली.

आणि मग घरात कुजबुज सुरू झाली. एवढी धावते, एवढंसं खाते, मग वाढते कशी? दुपारी घरात मोठं म्हणावं असं ती आणि सासूबाईच, आणि सासूबाईंचा डोळा लागायचा. दिवाळीच्या फराळातले लाडू कमी झाले — मुलींनी खाल्ले होते, मला ठाऊक होतं — आणि सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सकाळी धावायचं आणि दुपारी डबे चाटायचे, मग काय होणार?" ह्यांनीही तोंड फिरवलं. कुंदाने मुलींच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. कुणी विश्वास ठेवला नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी ताटं उचलत होते.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे. तेलाचं तर मी कसंबसं सांगितलं.

चार दिवसांनी मी कपडे वाळत घालत होते, कुंदा चिमटे हातात देत होती. हळूच म्हणाली, "वहिनी, एक विचारू? मी झोपेत उठून खात असेन का गं? आणि मला आठवत नसेल?"

ती खरंच विचारत होती. दुसरं काही उत्तरच उरलं नव्हतं तिच्यापाशी. सगळा हिशेब तिने तपासून पाहिला होता, वाटी तपासली, तक्ता तपासला. राहिली ती स्वतः. आणि मी काय म्हणाले? नाही म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. मी म्हणाले, "असेल. होतं असं काही लोकांना."

ती चिमट्यांची पिशवी खाली ठेवून आत गेली. संध्याकाळी फराळाच्या कपाटाची किल्ली आणून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव, वहिनी. रात्री कुलूप लाव." मी ठेवली. त्या रात्री कुलूपही लावलं.

तुळशीचं लग्न लागलं आणि पेणची माणसं आली. मुलाच्या आईने कुंदाकडे एकदा बघितलं. चहा झाला. मास्तरांनी या वेळी दुसरा कप मागितला नाही, मान खाली घालून बशीतले बेसनाचे कण गोळा करत राहिले. आठवड्याने नकार आला. कुंदा रडली नाही. बूट धुऊन, वाळवून, ह्यांच्या कपाटात ठेवले. मला म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? माझीच जीभ."

कणकेतलं तेल मी दुसऱ्या दिवसापासून कमी केलं. आता गरज नव्हती.

पुढे स्थळं आली नाहीत, आली ती सांगण्यासारखी नव्हती. कुंदाने माझ्या दोन्ही मुली वाढवल्या. मी नोकरी पूर्ण केली, निरोपाच्या समारंभात शाल-नारळ घेतला. भाषणात कुणी म्हणालं, घर सांभाळून नोकरी केली बाईंनी. कुंदा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

परवा धाकटी माहेरी आली होती. ती धावते हल्ली. मनगटावर घड्याळ, फोनमध्ये कॅलरी, घासाघासाचा हिशेब. कुंदाला म्हणाली, "आत्तू, तू पण धावायचीस ना? मग उतरलं का नाही गं?" कुंदा शेंगा सोलत होती. हसून म्हणाली, "अगं, मी झोपेत उठून खायचे. तुझ्या आईला विचार, तिला माहितीये." पोरीने माझ्याकडे बघितलं. आणि मी — या वयात, घरात दुसरं कुणी नसताना — मान हलवली. हो म्हणून.

कुंदा आता साठीच्या पुढे आहे. आम्ही दोघीच असतो दुपारी. अजून त्या पितळी वाटीनेच वाढून घेते. घास घेण्याआधी ताट माझ्याकडे जरा कलतं करते, सवयच झालीये तिला, आणि म्हणते, "बघ हं वहिनी, एवढंच घेतलंय." रोज. आजही म्हणाली.

मी बघितलं, आणि म्हटलं, "हं. जेव."