दातवण लावणारी जपानी बाई

नेरडीगोंड्याच्या मराठी शाळेत अमृतराव ड्रॉइंग शिकवायचे. माणूस गुणी, पण डौल फार. गावात कोणी भिंत रंगवली तरी आधी आपल्याला विचारायला हवं होतं, असं त्यांना वाटायचं. १९९२ साली त्यांच्या मुलीला, वच्छलेला बघायला आदिलाबादहून पाहुणे येणार असं ठरलं, तेव्हा बैठकीत आपल्या हातचं एखादं चित्र लागलंच पाहिजे, हे त्यांनी मनावर घेतलं.

नागपूरच्या मित्रानं दिलेलं एक जपानी कॅलेंडर त्यांच्याकडे होतं. लाकडी ठशांनी छापलेली जुनी चित्रं होती त्यात. मास्तरांनी त्यातली एक बाई निवडली. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात छोटासा ब्रश, तोंड जरासं उघडलेलं. शाळा सुटली की मास्तर ओसरीवर बसून जलरंगात तिची नक्कल करत. केसांची कड बारीक ब्रशनं, श्वास रोखून. झग्याचा निळा रंग मात्र एका दमात, सपाट. अशा चित्राला सावली नसते, हे कळेपर्यंत बरेच कागद फुकट गेले. मूळ चित्रात बाईचे दात काळे होते. छापताना शाई सांडली असेल, असं म्हणून मास्तरांनी तिथं कागद कोरा सोडला. दात पांढरेशुभ्र झाले.

त्यांच्या आईचे, जयवंताबाईचे दातही काळेच होते. लग्नापासून ती रोज दातवणाची काळी पूड दातांना लावत आली होती. तिच्या वेळी सवाशिणीचा तो शृंगारच होता. मास्तरांना त्या दातांची लाज वाटायची. म्हणून पाहुण्यांच्या आधी तिला गुडीहत्नूरला आपल्या बहिणीकडं पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं. “पोरीकडं चार रोज राहून ये,” एवढंच ते तिला म्हणाले होते. म्हातारी काय ते समजली होती.

जायच्या आदल्या दिवशी ती चहा घेऊन ओसरीवर आली. कॅलेंडर बघून खळखळून हसली.

“अवं माय! हे बाई तं दातवण लावून राह्यली!” मग तिनं मास्तरांचा कागद बघितला. “अन् तू काऊन पांढरे ठेवले रे हिचे दात?”

कॅलेंडरच्या तळाशी इंग्रजीत काही छापलेलं होतं. मास्तरांनी ते आता कुठं वाचलं. खरंच, तिकडच्याही लग्न झालेल्या बायका हौसेनं दात काळे करत. मास्तरांचं तोंड उतरलं. त्यांनी मुकाट्यानं काळा रंग कालवून दात भरले. म्हातारी मागं उभी राहून कौतुकानं बघत होती. “आई, जाऊ नको,” असं म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण आदिलाबादचे पाहुणे डोळ्यांपुढं उभे राहिले आणि मास्तर ब्रश धुवत बसले.

सकाळी जयवंताबाई पिशवी घेऊन एकटीच बसमध्ये चढली.

पाहुण्यांना चित्र फार आवडलं. मुलाचे वडील सुधाकरराव उठून जवळ गेले. “दात काळे कसे हो हिचे?”

मास्तर खुलले. “शृंगार आहे तो. तिकडं त्यालाच सुंदर म्हणत!”

“आमच्या आजीचे बी अशेच होते,” सुधाकरराव हसले. “तुमच्या मातोश्री दिसून नाई राह्यल्या?”

“तब्येत बरी नाही. आत झोपली आहे.”

सुधाकररावांच्या पत्नी कुसुमबाई लगेच पदर सावरून उठल्या. “मंग आमी आत जाऊनच पाया पडतो.”

पोह्यांचा ट्रे घेऊन वच्छला दारातच उभी होती. ती वाटेतून हलली नाही. “आजी आत नाई,” ती म्हणाली. “बाबानं तिले गुडीहत्नूरला धाडलं.”

“काऊन?” कुसुमबाईंनी विचारलं.

वच्छलेनं ट्रे खाली ठेवला आणि बापाकडं बघत राहिली. मास्तरांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काहीतरी सबब सांगता आली असती, पण पोरीच्या नजरेपुढं ती सुचेना.

“तिचे दात काळे हायेत म्हून,” ते म्हणाले.