फूल पडेना

माझी धाकटी जाऊ सगुणा म्हणजे गप्प बसणारी बाई नव्हे हो. शिरवण्यात कुणाचीही हळद असो, गाणी तिच्याच गळ्यातून. गावात बिल्डिंगी झाल्या, लिफ्टा आल्या, पण गाणं म्हटलं की सगुणा! तीच आता घरभर येरझाऱ्या घालायची. बसायची, उठायची, दार लावायची, परत उघडायची. झोप नाही. कानात कुणीतरी बोलतं म्हणायची.

गाव म्हणालं, देवी अंगात आली. झालं! बायका नारळ घेऊन दारात. ही थरथरतेय आणि त्या हिच्या पाया पडून विचारतायत, पोरीचं लग्न कधी जमंल. मला असा संताप यायचा! शेवटी मीच तिला वाशीला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. तर त्याच बायका जिन्यात कुजबुजायला लागल्या, "येडी झाली." देवी होती तोवर नारळ, गोळी सुरू झाली तर नाकं मुरडायची. वा गं वा!

गोळीनं ती जरा झोपू लागली होती. तेवढ्यात पंढरी भगत सासूच्या कानाला लागला, "गोलीनं देवी कोपंल." सासू माझी भाबडी, तिच्यावर तरी किती चिडायचं? तिनं गोळ्यांचं पाकीट उचलून देव्हाऱ्यात ठेवलं. "कौल लावू. देवी सांगंल तसा."

गोळी बंद. येरझाऱ्या परत सुरू. माझा जीव टांगणीला.

मंगळवारी भगतानं देव्हाऱ्यातल्या देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर गोळी द्यायची, डावं पडलं तर नाही. वाऱ्यानं पडू नये म्हणून पंखा बंद. आम्ही सगळे हात जोडून, घामानं निथळत बसलो. फूल काही पडेना. मागे सगुणा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरतेय, तिच्याकडे कुणी बघेल तर शप्पथ! मी मनात म्हणत होते, आई, उजवं पाड गं, नाहीतर ही हातची जाईल.

एकदम सगुणा पुढे आली. "आय, देवी माझ्या अंगान येते ना?"

"हां गो," सासू म्हणाली.

"मंग फुलाला कशाला इचारता? मना इचारा."

भगत काही बोलणार, तेवढ्यात सासूनं त्याला हातानंच गप्प केलं. सुनेपुढे हात जोडले. "सांग गो माय."

"मना झोप पायजे," सगुणा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "गोली दे, आय."

दोन्ही फुलं होती तिथंच होती. सासू पाणी आणायला उठली.