राजे वाळत घालणारी शालनताई

शालनताईच्या अंगणात दोरीवर राजे वाळत असत. जत्रांचा हंगाम सुरू झाला की पेडण्याकडच्या कितीतरी गावांच्या नाटकांचा कपडेपट तिच्याकडून जायचा आणि घामाने, रंगाने माखून परत यायचा. मग सकाळच्या उन्हात एखादा सम्राट, दोन-तीन सेनापती आणि एक कृष्ण असे ओळीने उलटे लटकत. त्यांच्या बाह्यांतून पाणी ठिबकत असे आणि खाली साबणाच्या बादलीपाशी बसून शालनताई मुकुटाचे निखळलेले खडे चिकटवत असे. आता त्या अंगणापुढून जाताना मी मुद्दाम स्कूटरचा वेग वाढवतो.

मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तो मी लिहिलेल्या नाटकासाठी राजाचा अंगरखा मागायला. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"राजा कित्याक होयो तुका?"

"नाटकात आहे म्हणून."

"काढून टाक मरे. धुवूचो त्रास माका होता."

अंगरखा दिला तिने. पण त्या दिवसापासून म्हापशाचं माझं औषधांचं दुकान बंद करून घरी परतताना माझा चहा ठरून गेला. तो तिच्या ओसरीवर, राजांच्या सावलीत.

तिचं माहेर डिचोलीचं. वडील सिंधुदुर्गातून खाणीवर ट्रक चालवायला आले आणि तिथेच राहिले. ती खाणीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागली, पुढे स्वयंपाकीण झाली, मग युनियनमध्ये शिरली. मोर्चात झेंडे कमी पडले की वरण वाढायची पळी उंच धरून चालायची म्हणे. लग्न होऊन ती आमच्या गावात आली. नवरा नाटकांचे कपडे शिवायचा, तो गेल्यावर सुई हिच्या हातात आली. म्हणजे बघा, जन्मभर मालकांशी आणि साहेबांशी भांडलेली बाई, आणि घरात पेट्या भरून मुकुट! मी चिडवायचो. ती शांतपणे म्हणायची, "माझ्या पेटयेत आसत, तितके तरी लोकांच्या डोक्यार नाय."

तिला व्यसन एकच, विज्ञानकथांचं. वाचनालयातले जुने दिवाळी अंक ती फक्त अंतराळाच्या गोष्टींसाठी आणायची आणि वाचून संतापायची.

"रे दत्ता, चार सूर्य ओलांडून गेले, आनी थंय पोचल्यार पयलें काम कितें? सॅल्यूट! इतक्या लांब जावन परत सायबच?"

"यानाला कॅप्टन लागतोच, शालनताई."

"आनी भांडी? इतकी माणसां यानात, वर्सांचो प्रवास. भांडी कोण घासता? लिवणारान एकदा तरी लिवलां?"

मी हट्टाला पेटून एक कथा शोधून काढली. तिच्यात सगळी कामं यंत्रं करत होती, माणसं नुसती गात आणि बागेत फिरत. विजयी वीरासारखा तो अंक मी तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, मिटला आणि विचारलं, "बरां. तीं यंत्रां कोणाची?"

मी चहा पिऊन निघालो.

शेवटी तिने स्वतःच नाटक लिहिलं. 'धनी नसलेला ग्रह'. पृथ्वीवरून पळालेली माणसं एका लाल ग्रहावर उतरतात. लाल धुळीचं वर्णन असं की वाचताना दात करकरत. मी कौतुक केलं तर म्हणाली, "त्येका कल्पना कित्याक होयी? डिचोलीत खाणीच्या धुळीन आमचां भात लाल जायचां." त्या ग्रहावर राजा नाही, पोलीस नाही, कुंपण नाही. दर पुनवेला चिठ्ठ्या टाकून कामं वाटतात. या महिन्यात ज्याने यान चालवलं, त्याच्या वाट्याला पुढच्या महिन्यात खरकटी भांडी येऊ शकतात. आणि पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत सगळे कडाकडा भांडतात. मी म्हटलं, "अगं, धनी नाही तर निदान सुख तरी दाखव."

"सुख दाखवूक लागलां तर कोण खरां मानीत?" ती म्हणाली. "भांडान आसाच. पण तां आमचां. वयल्यान कोण सांगूक येवचो नाय."

आमच्या गावच्या जत्रेत नाटकातला राजा मानकऱ्यांच्या घरातलाच. तो देवळाच्या मानाचा भाग, अभिनय येतो की नाही हे विचारायचं नसतं. त्यामुळे त्या घरातल्या आबांनी आयुष्यभर राजे केले. लढाई जिंकलेला राजा आणि मुलाच्या मरणाने वेडा झालेला राजा यांत आबांच्या बाबतीत फरक असायचा तो अंगरख्याच्या रंगाचा. शालनताईचं नाटक ठरलं तेव्हा ते काठी टेकत तिच्या ओसरीवर आले.

"शालन, नाटकात राजा नाय म्हणतत."

"नाय."

"मगे मी करू कितें?"

"चिठ्ठी उचलूची. सगळ्यांवांगडा."

कारण भूमिकाही चिठ्ठ्या टाकूनच वाटायच्या, हे तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आबा काठी टेकत परत गेले. पण नाटकाशिवाय त्यांना करमलं नसतं. आले.

त्याच हंगामात ती खंगत गेली. कपड्यांची बादली तिला उचलवेना. एक दिवस ओठांत चिमटा धरून तिने कपडे वाळत घालता घालताच मला सांगितलं, "डाक्तर म्हणता, पावस बघूक गावचो नाय. नाटक गावतलां. खूप झालां."

तिच्या औषधांच्या चिठ्ठ्या मीच वाचत होतो.

नाटकात एक आजी आहे. त्या ग्रहावर सगळ्यांत आधी उतरलेली, शेवटच्या अंकात मरणारी. ती शालनताईने कोणासाठी लिहिली हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. जन्मभर विंगेत उभं राहून तिने दुसऱ्यांची बटणं लावली, मिश्या चिकटवल्या, पदर टाचले. रंगमंचावर पाऊल म्हणून ठेवलं नव्हतं. "एकदा भायर येवन उबी रावचां आसा," ती मला म्हणाली होती. आणि लगेच, "गावलां तर."

आमच्या नाटकांतली नायिका सुमन हिने मग एक बेत केला. सगळ्या चिठ्ठ्यांवर तिने 'आजी' लिहिलं. पहिली चिठ्ठी शालनताईला उचलायला लावायची, टाळ्या पिटायच्या, चहा आणायचा आणि त्या गडबडीत उरलेल्या चिठ्ठ्या बदलायच्या. आम्ही सगळे त्यात सामील. आबांना तेवढं सांगितलं नव्हतं, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

देवळाच्या मंडपात दुपारी आम्ही जमलो. चिठ्ठ्या एका उलट्या मुकुटात ठेवल्या होत्या. सुमन लाडात म्हणाली, "ताई, पयली तुमी."

"नाटक माझां. म्हणान मी निमणी. सगळ्यांच्या मागसून."

आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर मानाच्या सवयीने आबांनी मुकुटात हात घातलासुद्धा. चिठ्ठी उलगडली, लांब धरली आणि राजाच्या आवाजात गर्जले, "आजी!"

मुकुट पुढे सरकला. दुसऱ्याने चिठ्ठी उघडून पटकन मुठीत दाबली. शालनताईने हात पुढे केला. त्याने दिली. मग तिने मुकुटच मांडीवर घेतला आणि एकेक चिठ्ठी उघडत गेली.

आबा भाबडेपणाने म्हणाले, "सगळेच आजी? मगे भांडतले कोण?"

हसू कोणालाच आलं नाही. शालनताई ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. ओंजळीतल्या चिठ्ठ्यांकडे बघत म्हणाली, "तुमी माका राणी केल्यात."

"ताई, तसं नाय..." सुमन रडायला लागली.

"तसांच. मी इतकी वर्सां इचार करी, पयलो राजा कसो झालो आसतलो? माका दिसा, तलवारीन. तलवारीन नाय गो. कोणाची तरी दया इली आसतली. म्हटल्यानी, ह्याका आज चिठ्ठी नको, ह्येचां उद्यां बघया." तिने सुमनचे डोळे आपल्या पदराने पुसले. "माया केल्यात, ती माका पावली. आता नवे चिठये कर."

नव्या चिठ्ठ्या झाल्या. आबांना भांडी घासणारा मिळाला. सुमनला यान चालवणारी. मला, या मिशाळ माणसाला, आजी. मुकुटात एकच चिठ्ठी उरली, ती शालनताईने उचलली. वारा.

नाटकातला वारा म्हणजे विंगेत टांगलेला पत्रा. दोन्ही हातांनी धरून हलवायचा. तो हलवणारा प्रेक्षकांना दिसत नाही.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, "शालनताई, आपण दोघांतच बदलू. कोणाला कळणार नाही."

"तुका कळतलां," ती म्हणाली. मग माझ्या अंगावर लुगड्याचं माप घेतलं, आणि टाचणी तोंडात धरून म्हणाली, "मिशी काढ. माझ्या आजयेक मिशी नाय."

तालमीत तिने मला एक शब्द शिकवला नाही. विचारलं की म्हणायची, "आजी आता तुझी." मोपाच्या पठारावरच्या विमानतळावरून विमान डोक्यावर आलं की आमचे संवाद बुडत. ती पत्र्याजवळच्या स्टुलावर बसून आवाज ओसरण्याची वाट बघायची.

ती पावसाळ्याआधीच गेली. त्याबद्दल माझ्यापाशी सांगण्यासारखं फार नाही. आम्ही सगळे भोवती होतो आणि तिला बोलवत नव्हतं. माझ्यापुरती ती त्याआधीच गेली होती, जत्रेच्या संध्याकाळी.

मोठं नाटक नंतर होतं, आम्हाला दिवेलागणीची वेळ दिली होती. आबांनी घरून स्वतःची पातेली आणली आणि रंगमंचावर अशी घासली की बायकांनी शिट्ट्या मारल्या. शेवटचा अंक आला. आबांच्या मांडीवर डोकं ठेवून मी आजीचं शेवटचं बोलणं बोलायला लागलो. तिने लिहिलेलं, तिने स्वतःसाठी लिहिलेलं, आणि ती हाताच्या अंतरावर उभी राहून ऐकत होती.

"माझ्यामागे माझं असं काही उरत नाही. तेव्हा वाटण्यांच्या भानगडीत पडू नका. मी बसायचे त्या जागेवर कोणीतरी बसा, म्हणजे ती रिकामी दिसणार नाही. आणि आधी जेवून घ्या."

यानंतर वारा थांबतो आणि वाऱ्याबरोबर आजीचा श्वास थांबतो, असं नाटकात होतं. मी डोळे अर्धवट मिटले. वारा थांबेना. डोळ्यांच्या फटीतून मला विंग दिसत होती. शालनताईने दोन्ही हातांनी पत्रा धरला होता. सुमन तिच्या हातातून तो घ्यायला पुढे गेली, तिने मानेनेच नको म्हटलं. दंड थरथरत होते, पत्रा वाजत होता. लोकांना वाटलं, नाटक असंच आहे.

आबा माझ्यावर वाकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "दत्ता, मर मरे आता!"

"कसो मरू?" मी पुटपुटलो. "वारो आसा अजून."

आबांनी विंगेकडे पाहिलं. मग माझ्या कपाळावर हात ठेवला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला एवढंच आठवतं की मी पडल्या पडल्या मनात म्हणत होतो, हलव, शालनताई, हलव, रात्रभर हलव, मी आहे.

मग पत्रा हळूहळू थांबला, आणि मला मरावं लागलं.