रोज पुसलेला चेहरा

दुकानाच्या काचेतून कॉम्प्युटरवर मला माझाच चेहरा दिसला आणि हातातली मेथीची जुडी खाली पडली. ते दुकान डिजिटल बोर्डांचं. वाढदिवसाचे बोर्ड व्हायचे, पण श्रद्धांजलीचे जास्त. मी समोरच भाजी विकायला बसायचे. घरच्यांनी माझा बोर्ड आधीच सांगून ठेवला की काय, असं मनात आलं.

आत शिरले. "मी जित्ती हाय, आणि तू माझा बोर्ड करतोस व्हय रं?"

तो हसला. चाळिशीतला गडी, पूर्वी ब्रशनं दुकानांच्या पाट्या रंगवायचा. "बोर्ड न्हाय ओ आज्जी. ब्रश सुटला, आता ह्या माऊसवर हात बसवतोय. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तुमास्नी काढतो आणि पुसतो."

"मीच घावले व्हय?"

"तुमच्या सुरकुत्या जमल्या की कुणाचंबी तोंड जमंल."

"पूस आधी."

त्यानं माझ्यादेखत पुसलं. माझा विश्वास बसला नाही. पुसलेलं जातं कुठं, हे त्यालाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मान तिरकी करून बघत होता. मी पदर पुढं ओढला. असं कितीतरी महिने चाललं. एकदा तो चहाला गेल्यावर मी चोरून पाहिलं. पूर्वी नुसत्या सुरकुत्या होत्या, आता डोळ्यांतला संशयसुद्धा माझाच होता.

दोनेक वर्षांनी त्या दुकानावर श्रद्धांजलीचा बोर्ड लागला, तो त्याचा. मी अजून समोर मेथी विकते.